मुंजीची कॅसेट

अल्ताफभाईंनी पाचवा स्क्रू काढला, कॅसेटचं वरचं झाकण हलक्या हातानं उचललं आणि टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या कागदावर लाल-पिवळी पूड सांडली.

त्यांनी ती वाकून बघितली. मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "ताई, ही हळद आहे ना?"

"हळद आणि कुंकू."

"कॅसेटमध्ये?"

"देवघरात होती. रोज पूजा होते तिची."

"किती वर्षं?"

"येत्या भाद्रपदात एकोणीस होतील."

त्यांनी बोटानं ती पूड चाचपली. "एवढी वर्षं या धंद्यात काढली. उंदरानं कुरतडलेली कॅसेट बघितली, पुरात तीन दिवस बुडलेली बघितली. एका गृहस्थांनी तर फ्रीजमध्ये ठेवली होती, ताजी राहावी म्हणून. पूजेतली मात्र पहिलीच."

मी हसले नाही.

मिरजेच्या बाजारामागच्या गल्लीत, एका जिन्यावर त्यांची खोली होती. घराणं तंबोरे करणाऱ्यांचं. कोपऱ्यात एक भोपळा अजून टांगलेला होता, वडिलांच्या हातचा, अर्धवट राहिलेला. अल्ताफभाईंनी मात्र तरुणपणी कॅमेरा खांद्यावर घेतला, लग्नं-मुंजी शूट केल्या, आणि ते दिवस सरल्यावर लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम धरलं.

"ही साय दिसते?" त्यांनी फिरकीच्या कडेवर बोट ठेवलं. काळ्या फितीवर पांढरट थर होता, तव्यावर पीठ सांडल्यासारखा. "बुरशी. तुमच्या पूजेचं पाणी, वरून धुपाचा धूर. ही कडेनं खात आत जाते. आणि फितीवर चित्र मधोमध असतं, आवाज अगदी कडेला. त्यामुळं चित्र कदाचित मिळेल. आवाजाचं मी कबूल करत नाही."

"मला आवाजच हवा आहे."

त्यांनी मान वर केली. "काय आहे यात?"

"माझ्या मुलाची मुंज. श्रीरंगची. आठवं वर्ष चालू होतं त्याला. पुढच्या वर्षी मेंदूत ताप गेला. चार दिवसांत संपलं सगळं."

मीच पुढं सांगितलं. इतकी वर्षं ती कॅसेट कुणाला दाखवावी असं मला वाटलं नव्हतं. तिच्या असण्यावरच मी भागवत होते. पण गेल्या महिन्यात पहाटे जपाला बसले असताना सहज त्याची हाक आठवायला गेले. शाळेतून आला की दारातूनच "आई" म्हणून हाक मारायचा, ती. चेहरा आला, दप्तर आलं, चपलांचा आवाजसुद्धा आला. हाक आली नाही. मी माळ खाली ठेवली, पुन्हा उचलली. तरी आली नाही. त्या दिवसापासून रोज प्रयत्न करत होते आणि रोज ती आणखी लांब जात होती.

अल्ताफभाईंनी झाकण परत बसवून कॅसेट उलटी केली. पाठीवर, कोपऱ्याशी, औषधाच्या चिकटपट्टीचा तुकडा होता, मळून काळा पडलेला.

"हे कुणी लावलं?"

"का?"

"इथं प्लॅस्टिकची एक छोटी जीभ असते. आम्ही शूटिंगवाले कॅसेट देताना ती मुद्दाम मोडून देतो. मग तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही, मशीन कॅसेट बाहेर फेकतं. पण ते भोक कुणी बुजवलं, तर मशीन फसतं. म्हणजे ताई, हे चुकून झालेलं नाही. कुणीतरी बसून बुजवलंय."

"मला माहीत आहे कुणी."

माझा आवाज वर गेला नव्हता. तो कधीच जात नाही. तरी त्यांनी कॅसेट खाली ठेवली.

"धाकट्या जावेनं," मी म्हटलं. "तिनं तिची मालिका टेप केली मुंजीवर. पण सगळी कॅसेट भरली नसेल. जेवढं राहिलं असेल तेवढं मला द्या. एक शब्द मिळाला तरी चालेल."

"चार-पाच दिवस लागतील. फीत हातानं फिरवून पुसावी लागेल."

"मी इथं बसले तर चालेल?"

"बसा की. पण बोलणं नको, हात हलतो माझा."

"मी फारशी बोलतच नाही," मी म्हटलं.

आठ वर्षं झाली या गोष्टीला. पण ते चार दिवस मला तासातासानं आठवतात. सकाळची पूजा, पोथीचा अध्याय आणि जप आटोपून मी सांगलीहून बसनं मिरजेला जायची. चातुर्मास चालू होता. माझा रोज एकशे आठ फुलवातींचा नेम, तो मी त्यांच्या खोलीतल्या बाकावर बसून पुरा करायची. मांडीवर पितळी ताटली, एका वाटीत कापूस, एकीत थेंबभर दूध. ते पलीकडे दिव्याखाली फीत फिरवत, स्पिरिटात बुडवलेलं पांढरं फडकं तिच्यावरून ओढत. फडकं काळं होई, ते नवं घेत.

पहिल्या दिवशी त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, "चातुर्मासात मी बाहेरचं काही घेत नाही."

"पाणी?"

"पाणीसुद्धा नाही."

"आमच्या घरात रोजे असतात तेव्हा बायको अशीच दिसते," ते म्हणाले. "शांत. बघूनच भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांना विसावा म्हणून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. ताटलीतली एक वात उचलून त्यांनी उजेडात धरली. "ताई, तुम्ही डावऱ्या का?"

"हो. का?"

"पीळ उलटा आहे. आमच्या वालिदांना तारेचा पीळ बोटाला कळायचा, कुणी वळली ते सांगायचे. तुमची वात हजारात ओळखू येईल."

मला लहानपणी यावरून बोलणी बसली होती. डाव्या हाताची वात देवाला चालत नाही, असं आत्या म्हणायची. आई म्हणायची, देव पीळ मोजत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "जाऊबाई काय म्हणाल्या तेव्हा?"

मी वात वळत राहिले. मग सांगितलं.

तेव्हा आम्ही एकत्र राहायचो. वर आम्ही, खाली हेमा आणि भाऊजी, टीव्ही आणि कॅसेटचं मशीन मधल्या खोलीत, सगळ्यांचं मिळून. हेमा माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिला मालिकांचं वेड. दुपारी बघायला जमलं नाही तर टेप करून ठेवायची. मशीनची सगळी बटणं तिला पाठ. मला तिनंच शिकवलं होतं. श्रीरंगची पहिली तिथी भाद्रपदात आली. श्राद्ध झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, मला आज मुंज बघायची आहे. वर्षभरात प्रथमच मी त्याचं नाव घेऊन काही मागितलं होतं. ह्यांनी ती कॅसेट लपवून ठेवली होती, माझ्या नजरेला पडू नये म्हणून, कुठं ते मलाही ठाऊक नव्हतं. ती आणून ह्यांनी मशीनमध्ये घातली. आम्ही सगळे बसलो होतो. आणि पडद्यावर एक मोठी टिकली लावलेली बाई दारात उभी राहून रडायला लागली.

ह्यांनी घाईनं बटण दाबलं, कॅसेट ओढली. फीत आतच अडकली, चुरगाळली. कात्रीनं सोडवावी लागली.

"जाऊबाई कबूल झाल्या?"

"मालिका मीच टेप केली म्हणाली. मग त्या कॅसेटच्या पाठीकडे बघितलं तिनं, आणि म्हणाली, वहिनी, पण त्यावर आधी..."

"आधी काय?"

"मी पुढं बोलू दिलं नाही. म्हटलं, हेमा, यापुढं तू माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाहीस. ती माझ्याकडे बघत राहिली आणि खरंच बोलली नाही. दिवाळीच्या आत ते दोघं विश्रामबागेत राहायला गेले."

"एकोणीस वर्षं अबोला?"

"लग्नकार्यात समोर आलो की पदर सावरून बाजूला व्हायचं. हे गेले तेव्हा सुतकात तिनं पिठलं-भाताचा डबा आणला होता. मी तो तसाच शेजारी देऊन टाकला. तिच्यासमोर."

अल्ताफभाईंनी फडकं बदललं. "आणि रोज पूजा," ते म्हणाले. कुत्सितपणानं नाही, आपलं सहज. पण पुढची वात माझ्या हातून सुटली.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, फीत नव्या डब्यात भरून तयार होती. चुरगाळलेला हातभर तुकडा कापून त्यांनी बारीक पट्टीनं सांधा जोडला होता. जुना रिकामा डबा कागदावर एका बाजूला ठेवला होता.

"हे माझं शेवटचं चालू मशीन," त्यांनी सांगितलं. "याचं हेड गेलं की नवं मिळत नाही. तेव्हा एकदाच चालवायची, आणि जे येईल ते कॉम्प्युटरात जाईल. चालेल?"

मी मान हलवली.

पहिल्यांदा नुसता पांढरा चुरा आला पडद्यावर. त्यांनी कॅसेट काढली, मशीन उघडलं, आतलं फिरतं चाक चामड्याच्या तुकड्यानं पुसलं. दुसऱ्यांदा पाच सेकंद चित्र आलं आणि पुन्हा चुरा. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा आडव्या रेघा थरथरत वर सरकल्या आणि पडदा स्थिर झाला.

मोठी टिकली लावलेली बाई दारात उभी होती. रडत होती. आवाज नव्हता, तेल तडतडावं तशी नुसती खरखर.

"हीच का?"

"हीच."

त्या बाईला मी पूर्वी फार तर दहा-बारा सेकंद बघितलं असेल. पण एकोणीस वर्षं ती माझ्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. आता ती चांगली बावीस मिनिटं मला बघावी लागली. तिचा नवरा आला, सासू आली, साबणाच्या जाहिराती आल्या. मी वाती वळायचं थांबवलं होतं. हात ताटलीवर तसेच होते.

मग चित्र फाटलं. पांढरी पट्टी खालून वर गेली. मी उठून उभी राहिले, कारण आता मुंज येणार होती.

पडद्यावर भगवी शाल पांघरलेले एक महाराज बसले होते. समोर चौरंग, गळ्यात झेंडूचा हार. त्यांनी लोटीतलं पाणी प्यायलं, उपरण्यानं मिशा पुसल्या आणि हात उंचावून बोलायला लागले. खाली केबलवाल्याची जाहिरातीची पट्टी सरकत होती, आषाढ सेल, साड्या.

"हे कोण?" अल्ताफभाईंनी विचारलं.

"महाराज."

"मालिकेतले?"

"नाही. प्रवचनाचे."

ते स्क्रीनकडे बघत होते. मग सावकाश, स्वतःशीच जुळवल्यासारखं बोलले. "म्हणजे मालिका मुंजीवर टेप झालेलीच नाही, ताई. मुंजीवर आधी हे झालंय. मग याच्यावर मालिका. मालिका आखूड, हे लांब, म्हणून याची शेपटी उरली." ते माझ्याकडे वळले. "तुमच्या घरात प्रवचन कोण टेप करायचं?"

महाराज हात हलवत होते, डोळे मिटत होते, उघडत होते. आमच्या घरात प्रवचन टेप करणारं दुसरं कुणी नव्हतं.

"ती पट्टी काढता का?" मी म्हटलं.

"कुठली?"

"जुन्या डब्यावरची."

त्यांनी डबा उचलला. चिकटपट्टीच्या कडेला नख घातलं. ती कडक झाली होती, तुकडे होऊन निघाली. खालच्या भोकात काहीतरी दाबून भरलेलं होतं. "लोक कागदाची घडी घालतात," ते म्हणाले आणि चिमट्यानं ते ओढून काढलं.

कापूस होता. पिवळा पडलेला, दाबून चपटा झालेला. त्यांनी चिमटा उजेडात धरला. खाली गोल बूड, वर टोक. ते टोक त्यांनी दोन बोटांत अगदी हलकं फिरवून बघितलं, आणि त्यांचा हात थांबला.

ते उठले. माझ्या ताटलीत, त्या दिवशी वळलेल्या वातींच्या शेजारी त्यांनी ती ठेवली आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसले.

तिचा पीळ उलटा होता.

मग सगळं आलं. जे एकोणीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं ते एका दमात आलं. श्रीरंग गेल्यानंतरचा तो पहिला आषाढ. मी श्रवणाचा नेम धरला होता, प्रवचन कानी पडल्याशिवाय पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. नेम नसते तर मी त्या वर्षी उभी राहिले नसते. प्रवचन केबलवर सकाळी साडेसहाला लागायचं आणि नळाला पाणीही तेव्हाच यायचं. म्हणून मी टेप करायची आणि दुपारी ऐकायची. त्या सकाळी माझी नेहमीची कॅसेट अडकली. अंगणात बादली भरून वाहत होती. मी शेल्फात हात घातला, मागं एक साध्या कव्हरातली कॅसेट लागली, वर नाव नाही, काही नाही. मशीननं ती बाहेर फेकली. पुन्हा घातली, पुन्हा फेकली. महाराजांचा नमस्कार सुरू झाला होता. भोक बुजवलं की टेप होतं, हे हेमानं शिकवलेलं. ओच्यात सकाळच्या वाती होत्या. बोट कापलं होतं म्हणून चिकटपट्टी शेल्फावरच होती. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. बटण दाबून मी नळाकडे पळाले आणि बादली उचलेपर्यंत ते विसरूनही गेले.

ह्यांनी ती माझ्यापासून लपवली होती, आणि लपवलेली होती म्हणूनच ती माझ्या हाताला लागली.

"ताई, बसा," अल्ताफभाई म्हणाले. "पडाल."

मी बसले. पडद्यावर महाराजांनी हात जोडले. पुन्हा पांढरी पट्टी गेली, आणि रंग बदलले. मांडव. संध्याकाळचा उजेड. बायकांची रांग, नऊवारी, नथी. भिक्षावळ चालू होती. मातृभोजन सकाळी झालं होतं. एका ताटात मुलानं आईबरोबर शेवटचं जेवायचं, ते. माझ्या मांडीला मांडी लावून तो जेवला होता, जिलबी आधी संपवली होती. ते महाराजांच्या खाली गेलं होतं.

श्रीरंग आला. डोक्याचा गोटा, शेंडी, खांद्यावर झोळी. माझ्यासमोर उभा राहून त्यानं तोंड हलवलं, भवति भिक्षां देहि म्हणाला असणार. मी, छत्तीस वर्षांची मी, त्याच्या झोळीत लाडू घातला. नुसती खरखर. त्यानं वर बघून मला काहीतरी विचारलं, मी काहीतरी सांगितलं. खरखर.

"आवाज?" मी विचारलं.

अल्ताफभाईंनी मशीनच्या बाजूच्या भोकात बारीक पेचकस घातला आणि केसभर फिरवला. खरखर कमी झाली, वाढली. त्यांनी श्वास धरला होता. "इथं बुरशी थोडी विरळ आहे," ते पुटपुटले. रांगेतली पुढची बाई लाडू घेऊन पुढं झाली, खिदळतच होती. हेमा. सत्तावीस-अठ्ठावीसची. कानात मोठे डूल.

आणि आवाज आला.

"काकू, गुरुजी म्हणाले, आता आईच्या ताटात जेवायचं नाही."

"बरं, मग?"

"तुझ्या ताटात नको असं नाही म्हणाले. उद्यापासून तुझ्या ताटात जेवणार."

"जेव की. पण माझ्या ताटात कारलं असतं."

"मग राहू दे."

हसणं, बांगड्या, कुणीतरी म्हणालं पुढं चला, आणि पुन्हा तेल तडतडायला लागलं. ते शेवटपर्यंत तडतडत राहिलं.

अल्ताफभाईंनी नंतर मोजलं, अकरा सेकंद. तेवढा तुकडा त्यांनी वेगळा करून माझ्या फोनमध्ये घालून दिला. निघताना जुना डबा, चिकटपट्टीचे तुकडे, सगळं कागदात बांधून माझ्या हाती दिलं. वात ताटलीतच होती. जिन्यापाशी ते म्हणाले, "मी काही बघितलेलं नाही, ताई."

"मी बघितलं," मी म्हटलं.

बस सांगलीकडे निघाली. माझा थांबा पुढं होता. मी विश्रामबागला उतरले.

घर मला माहीत होतं. समोरून जाताना एकोणीस वर्षं मान वळवली नव्हती, म्हणूनच माहीत होतं. बेल दाबली. दार उघडून हेमा उभी राहिली. केस पांढरे झाले होते, तिनं रंगवले नव्हते. हातात पळी होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या मागं बघितलं, कुणी गेलंबिलं हे सांगायला आलेय की काय, असं वाटून.

"सगळे बरे आहेत," मी म्हटलं. "आत येऊ?"

तिनं वाट दिली.

भाऊजी बाहेर गेले होते. मी खुर्चीवर बसले, पिशवीतून ताटली काढली आणि ती पिवळी वात तिच्या डायनिंगच्या टेबलावर ठेवली. ती उभ्या उभ्या तिच्याकडे बघत होती.

"कॅसेटच्या भोकात निघाली," मी म्हटलं. "तुला माहीत होतं?"

तिनं पळी ओट्यावर ठेवली. पदराला हात पुसले. "वातीचं नव्हतं माहीत. महाराजांचं होतं."

"कधीपासून?"

"मशीनमध्ये तुमची प्रवचनाची कॅसेट होती. लावून बघितली, कालचंच प्रवचन, तुम्ही ऐकून झालेलं. म्हटलं, पुसलं तरी वहिनी काही म्हणणार नाहीत. माझी मालिका टेप केली, पाठीवरची पट्टी तेव्हा बघितली होती. नंतर ती कॅसेट साध्या कव्हरात घालून शेल्फात ठेवून दिली. मग तिथीच्या दिवशी मोठ्या भाऊजींनी तीच पट्टी लावलेली कॅसेट ओढून काढली तेव्हा कळलं."

"तू बोलायला लागली होतीस."

"तुम्ही गप्प बस म्हणालात."

"नंतर? नंतर एवढी वर्षं?"

ती माझ्यासमोर बसली. "खरं सांगू, वहिनी? पहिली दोन वर्षं तुमची दया यायची. म्हटलं, लेकाचं तोंड यांनी स्वतःच्या हातानं पुसलं हे कळलं, तर या पाण्याला तोंड लावायच्या नाहीत. माझ्यावर राग धरून जगताहेत ना, जगू देत. पुढची सगळी वर्षं रागानं गप्प बसले. डबा शेजारी दिलात त्या दिवसापासून. म्हटलं, आता सांगायचंच नाही. न कळताच मरू देत."

तिनं हे अगदी हळू सांगितलं. माझ्यासारखं.

मी हात जोडायला लागले, तेव्हा तिनं ते धरून खाली केले. "ते नको. शोभत नाही तुम्हाला."

"आवाज मिळाला," मी म्हटलं. "थोडासा. तुझ्याशी बोलतोय तो."

फोन तिच्या हातात दिला. तिनं ऐकलं. मग कुठलं बटण दाबायचं ते मला न विचारता पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिनं पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी बसून राहिले. श्रीरंग तिच्या स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा म्हणत होता, मग राहू दे.

"मला आठवत नव्हतं हे," ती शेवटी म्हणाली. "अजिबात आठवत नव्हतं."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

"हेमा, पाणी दे."

"चातुर्मास आहे ना तुमचा? बाहेरचं चालत नाही."

"दे."

तिनं तांब्या-भांडं आणलं. मी प्याले. ती बघत होती, भांडं रिकामं होईपर्यंत. मग न विचारता उठली, दोन ताटं घेतली, टेबलावर ठेवली. आधी एका ताटात पोळ्या, आमटी, भात वाढला. मी माझ्यासमोरचं रिकामं ताट उचललं आणि बाजूला ठेवलं.

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिनं वाढलेलं ताट मधोमध सरकवलं आणि कढईकडे वळली.

"आज कारलं आहे," ती म्हणाली.

"वाढ," मी म्हटलं.